बाळंतपण दवाखान्यात, दुधाचा प्रश्न घरात : वाडीवरचे पहिले दहा दिवस कोण सांभाळणार?

दापोली (प्रतिनिधी) : कळा सुरू झाल्या की सुईणीला बोलावणं धाडायचे दिवस मागे पडले. आता १०२ किंवा १०८ ला फोन जातो, नाहीतर वाडीतली रिक्षा काढली जाते आणि बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात, दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात पोचते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली १०० पैकी जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. बदल मोठा आहे, यात वाद नाही.

पण त्याच पाहणीत दुसरा एक आकडा आहे, त्याच्याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. जन्मल्यापासून तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं राज्यात १०० पैकी सुमारे ५३. म्हणजे दवाखान्यात जन्मूनही जवळजवळ निम्म्या बाळांना पहिल्या तासात आईच्या अंगाला लावलं गेलं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली १०० पैकी ७१. आधीच्या फेरीपेक्षा हा आकडा बराच सुधारला आहे. तरी बाकीच्या २९ जणांच्या पोटात पाणी, गुटी, मध, गाईचं दूध नाहीतर डब्यातली पावडर गेलेली असते.

साधं बाळंतपण असेल तर तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी येतात. दूध खऱ्या अर्थानं उतरायला लागतं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे दुधाचं सगळं बसतं किंवा बिनसतं ते दवाखान्यात नव्हे, घरी आल्यावर. आणि आपल्याकडे ते घर बहुतेक वेळा माहेरचं असतं. सासरच्या गावातली आशाताई नऊ महिने जिच्या मागे होती, ती बाई नेमक्या नाजूक दिवसांत तिच्या हद्दीत नसते. घोळ सुरू होतो तो इथे.

वासराला चीक, मग बाळाला का नाही?

ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गाय व्याली की वासरू उभं राहायच्या धडपडीत असतानाच त्याला कासेला लावतात. चीक पोटात गेला नाही तर वासरू तग धरत नाही, हे शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्यालाही माहीत असतं. वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस.

बाईचंही तेच आहे. पहिले दोन-तीन दिवस येतं ते घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो थोडाच येतो, पण बाळालाही त्या दिवसांत एका वेळी चमचाभरच लागतो. रोगाशी लढणारे घटक त्यात ठासून भरलेले असतात, म्हणून डॉक्टर त्याला बाळाची पहिली लस म्हणतात. बाळाची पहिली काळी शी बाहेर पडायलाही त्याची मदत होते. असं असताना काही घरांत अजून तो "जड" म्हणून पिळून टाकतात आणि बाळाच्या तोंडाला मधाचं बोट लावतात. जे शहाणपण गोठ्यात आहे ते माजघरात येईपर्यंत कुठे हरवतं, हे कोडंच आहे.

मध तर वर्षाच्या आत देऊच नये. त्यात असणाऱ्या एका जंतूच्या बीजाणूंपासून लहान बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं. मोठ्या माणसाला त्यानं काही होत नाही, बाळाचे मात्र हातपाय लुळे पडू शकतात. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा जिवावर बेतणारं असतं.

गुटीचा विषय जास्त नाजूक आहे, कारण त्यात आजीची माया असते. वेखंड, जायफळ, हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग सहाणेवर उगाळून चमच्यानं पाजायची पद्धत घरोघर आहे. अडचण दोन ठिकाणी येते. सहाण, पाणी आणि बोट यांची स्वच्छता राहीलच याची खात्री नाही. आणि जायफळ-वेखंडाचं वेढं किती उगाळलं याला माप नाही. एखादं जास्त झालं तर बाळ गुंगीत जातं, ओढत नाही, आणि घरातले म्हणतात किती शांत झोपलंय. गुटी द्यायचीच असा हट्ट असेल तर निदान सहा महिने थांबावं आणि तेव्हाही डॉक्टरांना विचारावं. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब किंवा औषध मात्र "फक्त दूध" या नियमाआड येत नाही.

एप्रिल-मे महिन्यात आणखी एक काळजी घराघरात असते, बाळाचा घसा सुकेल ही. आईच्या दुधात १०० भागांतले सुमारे ८७ भाग पाणीच असतं. कितीही उकाडा असला तरी सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी लागत नाही. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागतं, तेवढ्या वेळा पाजावं, बस्स.

"दूध पुरत नाही गो हिला"

हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत साधारण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री कोणीतरी म्हणतंच. पाचवीला आलेली शेजारीण म्हणते, मावशी म्हणते, कधी बाळंतीण स्वतःच म्हणते. बाळ दिवसभर झोपलेलं असतं आणि रात्री उठून सारखं मागतं. दहा मिनिटं ओढलं, झोपलं, परत रडलं. छाती अजून मऊच आहे, भरल्यासारखी वाटत नाही. बघणाऱ्याला वाटतं, दूधच नाही.

खरं तर ही बाळाची रीत आहे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणं हे नवजात बाळाचं साधं वेळापत्रक. जितकं ओढेल तितकं जास्त दूध तयार होतं, रात्रीच्या ओढण्याचा तर दुधाला जास्त उपयोग. म्हैस अर्धवट पिळत राहिलं तर ती हळूहळू आटते, हे दूध घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाळाला मधेच वरचं दूध दिलं की ते पोट भरून झोपतं, आईकडे ओढत नाही, आईचं दूध तितकं कमी होतं. दोन दिवसांनी खरोखरच पुरत नाही. म्हणजे "पुरत नाही" म्हणून डबा आणला आणि डबा आणला म्हणून पुरेनासं झालं.

डब्याचा हिशेबही घरच्या कर्त्यानं एकदा मांडून बघावा. महिन्या-दीड महिन्याचं बाळ दिवसाला साधारण ६०० मिलिलिटर पितं. तेवढ्याला ८० ग्रॅमच्या आसपास पावडर लागते. ४०० ग्रॅमचा डबा पाच दिवसांत संपतो, महिन्याला सहा डबे. परवडत नाही म्हणून मग पाचाचा डबा दहा दिवस चालवला जातो, म्हणजे पांढरं पाणी पाजलं जातं. बाळ रडत नाही, वजनही चढत नाही. त्यात बाटली आणि बूच दर वेळी उकळायचं. पावसात लाकडं ओली आणि सिलिंडर जपून वापरायचा, तेव्हा ते किती घरांत जमतं?

या डब्यांची, बाटल्यांची आणि बुचांची जाहिरात करायला देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे आणि २००३ च्या दुरुस्तीनं ती दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डबाबंद आहारालाही लागू झाली. आईला फुकट नमुना देणं, भेटवस्तू देणं हेही त्या कायद्यात बसत नाही. काही बाळांना वैद्यकीय कारणासाठी पावडर खरोखरच लागते. तो निर्णय डॉक्टरांचा. दुकानदाराचा किंवा शेजारणीचा नव्हे.

मग पुरतंय की नाही हे ओळखायचं कसं? रडण्यावरून नाही आणि छाती भरल्यासारखी वाटण्यावरूनही नाही. लंगोट मोजायचे. पहिले दोन दिवस बाळ एक-दोनदाच शू करतं. पाचव्या दिवसानंतर दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा होत असेल आणि ती पाण्यासारखी फिकी असेल, तर पोटात पुरेसं जातंय. दुसरी खूण वजनाची. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, तीन किलोचं बाळ पावणेतीनपर्यंत येऊ शकतं. घाबरायचं कारण नाही. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत आलं पाहिजे. नाही आलं तर मात्र दाखवायचं. आणि हे कळायला वजनकाटा लागतो. तो आशाताईच्या पिशवीत असतो.

सहा भेटी, अडीचशे रुपये

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाला आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बघायचं असतं. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीची भेट जास्त. सिझेरियन झालेली बाई तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच असते, तेव्हा घरच्या भेटी सातव्या दिवसापासून. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, श्वास मोजायला घड्याळ, बाळाला गुंडाळायला ब्लँकेट. बाळाचं वजन, ताप, नाळ बघायची, श्वास मोजायचे, आईला ताप किंवा जादा रक्तस्राव आहे का ते विचारायचं. आणि बाळ अंगावर पिताना समोर बसून बघायचं. या शेवटच्या कामाला पाच-दहा मिनिटं लागतात. घाईत तेच पहिलं सुटतं.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही, महाराष्ट्रातलीच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ बघायला शिकवलं. तिथला नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात ते काम छापून आलं आणि पुढे देशभरातल्या आशांच्या कामात घरी जाऊन नवजात बाळ बघण्याचा कार्यक्रम म्हणून ते आलं. डॉक्टर नसलेली, पण नीट शिकवलेली बाई वेळेवर घरी आली तर बाळ वाचतं, एवढं त्यातून सिद्ध झालं.

वेळेवर घरी येणं, हेच आपल्याकडे सोपं नाही. देशावर गाव म्हणजे एका ठिकाणी घरं. कोकणात एका गावाच्या आठ-दहा वाड्या, मधे डोंगर, पऱ्या, आणि पावसाळ्यात पायवाटेवर शेवाळ. पूर्ण सहा भेटींचं केंद्रानं ठरवलेलं मानधन २५० रुपये. म्हणजे खेपेला ४२ रुपयेसुद्धा पडत नाहीत. वरच्या वाडीवर रिक्षा करायची तर एका जाण्यातच त्याहून जास्त जातात. राज्यातल्या आशांनी २०२३-२४ मध्ये मानधनासाठी लांबलेला संप केला, त्यानंतर राज्य सरकारनं महिन्याच्या मानधनात पाच हजारांची वाढ दिली. त्यानं हातात थोडं आलं. वाडीचं अंतर मात्र तेवढंच राहिलं.

आता माहेर-सासरचा घोळ. समजा सासर दाभोळकडे आणि माहेर खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात. नोंदणी, तपासण्या, कार्ड सगळं सासरच्या उपकेंद्रात. सातव्या महिन्यात ओटी भरून बाई फेरीबोटीनं धोपाव्याला उतरली की इकडच्या वहीत "माहेरी गेली" असा शेरा. तिकडच्या आशाताईला कोणी कळवलं नाही तर तिच्या यादीत हे नावच नाही. मुंबईहून गावी बाळंतपणाला आलेल्या बाईचं, किंवा उलट गावाहून मुंबईला गेलेल्या बाईचंही हेच. दिवाळीनंतर कामाला बाहेर पडणाऱ्या कातकरी कुटुंबांत तर बाई कुठल्या तालुक्यात आहे हेही पटकन कळत नाही. दोन आशांमध्ये बाळ राहून जातं ते असं. कोणाची चूक म्हणून नाही, कोणाचं बाळ म्हणून.

नियमात याची वाट आहे. बाळंतीण जिथे असेल तिथल्या आशाताईनं भेटी द्यायच्या आणि मधेच ती सासरी गेली तर उरलेल्या भेटी सासरच्या आशाताईनं, मानधन भेटीप्रमाणे वाटून. पण त्यासाठी निरोप पोचावा लागतो आणि निरोप घरच्यांनीच द्यावा लागतो. आठव्या महिन्यातच माहेरच्या आशाताईचं किंवा आरोग्य सेविकेचं नाव आणि फोन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावा. दवाखान्यातून सोडतील त्या दिवशी एक फोन तिकडे, एक इकडे. कार्ड पिशवीतून बाहेर राहील असं बघावं. पुष्कळ ठिकाणी ते कपाटात बाळाच्या सोन्याच्या मण्यांबरोबर जपून ठेवलेलं असतं.

बोंडी दुखते ती पकड चुकल्यामुळे

आशाताई समोर बसून नेमकं काय बघते, ते घरातल्यांनाही कळलं तर बरं. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. नुसती बोंडी तोंडात असेल तर दूध नीट येत नाही आणि बोंडीला चिरा पडतात. बोंडीभोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा, विशेषतः खालच्या बाजूचा. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, मान वळलेली नको. आई वाकून बसली तर पाठ धरते. पाठीला उशी घेऊन बाळाला आपल्याकडे आणावं. पाजताना दुखत असेल तर सहन करत राहू नये. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवावं आणि पुन्हा लावावं.

छाती दगडासारखी झाली तर पाजणं थांबवायचं नाही. आधी हातानं थोडं दूध काढून मऊ करून मग बाळाला लावायचं. एखादा भाग लाल, गरम आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. तेव्हाही बहुधा डॉक्टर पाजत राहा असंच सांगतात.

सिझेरियन झालं म्हणजे दोन-तीन दिवस दूध येणार नाही, हा समज पक्का बसलेला आहे. पाठीत सुई देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये बाई जागी असते. कोणी धरून दिलं तर कुशीवर झोपून तिथेही पहिल्या तासात पाजता येतं. टाक्यांवर भार नको म्हणून बाळ काखेखालून धरायचं. इथे सोबतीला असलेल्या बाईचा खरा उपयोग. वरचं दूध आणायला खाली धावण्यापेक्षा नर्सला हाक मारावी आणि एकदा लावून द्यायला सांगावं.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची गोष्ट वेगळी. ते लवकर दमतं, अर्धवट पितं, थंड पडतं. त्याला आईच्या उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घेऊन दिवसातले जास्तीत जास्त तास ठेवायचं. बाप, आजीसुद्धा हे करू शकतात. ओढता येत नसेल तर आईचं दूध काढून वाटी-चमच्यानं. फार लहान बाळाला मुंबईला हलवावं लागलं आणि आईचं दूध लगेच मिळत नसेल, तर तिथे काही रुग्णालयांत दूधपेढी आहे. शीव रुग्णालयातली १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली पेढी आशियातली पहिली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, तापवून जंतुरहित करून तिथे बाळांना देतात. त्यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

बाळंतिणीचं ताट आणि घरातली माणसं

बाळंतिणीला खायला घालण्यात कोकण मागे नाही. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, मेथी, शेपूची भाजी, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, मिळाली तर मोरीचा रस्सा. हे सगळं चांगलंच आहे. एखादा पदार्थ खाल्ल्यानंच पान्हा फुटतो असं नाही. पोटभर जेवण, तहान लागेल तेवढं पाणी आणि बाळाचं ओढणं यानं फुटतो. चुकतं ते वर्ज्याच्या यादीत. काही घरांत पाणी मोजून देतात, फळं थंड म्हणून बंद, पालेभाजी बाळाला बाधते म्हणून बंद. दूध पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा रोज साधारण ६०० उष्मांक जास्त लागतात. तिलाच अर्धपोटी ठेवून कसं चालेल? अंगणवाडीतून सहा महिने मिळणारा घरपोच आहार तिच्यासाठी असतो, तो घरातल्या सगळ्यांत वाटला जातो. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस आणि कॅल्शियमच्या सहा महिने घ्यायच्या असतात. पोट दुखतं म्हणून त्या खिडकीत पडून राहतात, तसं असेल तर आरोग्य सेविकेला सांगावं.

मिश्री लावायची सवय असेल तर ती मात्र खरोखर सोडायची. तंबाखूतलं निकोटीन दुधातून बाळात उतरतं. धुरीचं जपून. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवली की ओवा-वावडिंगाच्या वासाबरोबर विषारी वायूही कोंडतो. बाळाला ऊब आईच्या अंगाची द्यावी.

नवरा मुंबईत किंवा बोटीवर, हे आपल्याकडचं चित्र. हर्णै बंदरातल्या घरांत जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तरी तो घरी असतो. त्याचं काम पैसे पाठवण्यापुरतं नाही. रात्री बाळ उचलून आईकडे देणं, लंगोट बदलणं, पाणी भरणं आणि मुख्य म्हणजे "डबा आणा" म्हणणाऱ्यांपुढे बायकोच्या बाजूनं उभं राहणं. हे शेवटचं फोनवरूनही करता येतं. सासूबाईंचा शब्द तर घरात शेवटचा असतो, म्हणून आशाताई आली की सुनेला एकटीला न बसवता सासूनं किंवा आईनंही शेजारी बसावं. आजीला एकदा पटलं की वाडीभर सांगायला वेगळी माणसं लागत नाहीत.

बाळंतीण पहिल्या आठवड्यात उगाच रडते, चिडते. ते बहुधा आपोआप जातं. पण दोन आठवडे उलटूनही ती गप्प, झोप नाही, बाळाकडे बघत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलते, तर ती बाहेरची बाधा नाही. अंगारा लावून थांबू नये. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा बरा होणारा आजार आहे. १४४१६ या टेलीमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, उपजिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं. तिला "आई झालीस आणि रडतेस काय" म्हणणारे घरात खूप असतात. तिचं ऐकणारं एक माणूस लागतं.

लावणी थांबत नाही

नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती आपल्या भागात कितीजणींना लागू? भात लावणारी, आंबा-काजूच्या हंगामात रोजावर जाणारी, डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणारी, यांना रजा देणारा कोणी नाही. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार दोन हप्त्यांत आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार एकरकमी मिळतात, ते बुडालेल्या मजुरीच्या पोटी. अर्ज अंगणवाडी किंवा आशामार्फत, आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं. पैसे वेळेत आले तर बाई चार आठवडे तरी जास्त घरी राहते.

ते चार आठवडे संपल्यावर पर्याय दूध काढून ठेवण्याचा. हात साबणानं धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत हातानं दूध काढायचं, झाकायचं, गार जागी ठेवायचं. आपल्याकडच्या उकाड्यात चार तासांच्या आत वापरावं, फ्रिजमध्ये चोवीस तास. उकळायचं नाही, गरम पाण्यात वाटी धरून कोमट करायचं आणि वाटी-चमच्यानंच पाजायचं. बांध जवळ असेल तर मधल्या सुट्टीत बाळच आईकडे नेणं सोपं. मुकादम कुरकुरला तरी पंधरा मिनिटांनी लावणी अडत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र दूध, गुटी, दृष्ट, कशाचाही विचार करत बसायचं नाही. बाळ ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग थंड किंवा तापलेलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे, झटके. यातलं एकही दिसलं तर लगेच १०२ किंवा १०८. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे.

बेचाळिसाव्या दिवसानंतर आशाताई येणं बंद होत नाही. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात तिच्या पुन्हा भेटी असतात. तिसऱ्या महिन्याच्या भेटीला बहुतेक सुना सासरी परतलेल्या असतात, तेव्हा बाळ आल्याचं सासरच्या आशाताईला आठवणीनं कळवावं. सहावा महिना पुरा झाला की घट्ट पेज, मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं सुरू करायचं. अंगावरचं दूध त्याच्या जोडीला दोन वर्षांपर्यंत.